थांबलेल्या गाडीचे वेतन

मजुरी केलेल्या कामाची द्यावयाची की कामासाठी दिलेल्या वेळेची, हा प्रश्न अर्थशास्त्राचा म्हणून ओळखला जात असला, तरी माणसाच्या आयुष्यातील कोणता काळ त्याचा स्वतःचा आणि कोणता दुसऱ्याचा, हा धर्मविचाराचा आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांत तो विशेष ठळकपणे दिसतो, कारण या भागाचा बराचसा व्यवहार लांब पल्ल्याच्या गाड्यांवर चालतो आणि त्या गाड्या चालविणाऱ्यांच्या दिवसाचा मोठा हिस्सा चाक थांबलेले असताना जातो.

घोडेगाव हे घोड नदीकाठचे, आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. धरणाच्या पाण्याने खालच्या अंगाच्या शिवारात बागायत वाढली आणि बागायतीबरोबर शहराकडे रोज जाणारा नाशवंत माल वाढला. घोडेगावातून रस्ता पूर्वेला मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्गाला मिळतो आणि पश्चिमेला भीमाशंकराच्या डोंगरात चढतो. पूर्वेच्या वाटेने कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर, टोमॅटो आणि बटाटा जातो, तर पश्चिमेच्या वाटेने ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला निघालेले भाविक जातात. दोन्ही वाटांवर गाडी चालविणारा माणूस पुष्कळदा याच परिसरातला असतो. डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी समाजाच्या तरुणांना भाताचे एक पीक आणि हिरड्याचा हंगाम सरल्यावर हाती रोकड येण्याचे जे थोडे मार्ग उरतात, त्यांत पिकअप किंवा जीप चालविणे हा एक आहे.

माल भरून निघाल्यापासून तो उतरवून परत येईपर्यंतच्या एका फेरीला खेप म्हणतात. मुंबईच्या बाजाराची खेप दुपारी शेताच्या बांधावर सुरू होते. जुड्या ओल्या गोणपाटाखाली रचल्या जातात, क्रेट मोजले जातात, एकाच गाडीत अनेक शेतकऱ्यांचा माल बसवायचा असल्याने बांधाबांधावर थांबावे लागते, आणि दिवेलागणीच्या सुमारास गाडी महामार्गाला लागते. चाकण-तळेगावकडून बोरघाट उतरून किंवा आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून ती रात्रीतून नवी मुंबईतील तुर्भ्याच्या भाजीपाला बाजारात पोचते, आणि तेथे रांग असते. गाळ्यासमोर जागा मिळेपर्यंत, हमाल येईपर्यंत, रिकामे क्रेट परत हाती पडेपर्यंत आणि आडत्याकडून शेतकऱ्यांच्या नावाची पट्टी, म्हणजे विक्रीचा लेखी हिशेब, मिळेपर्यंत चालकाने गाडी सोडायची नसते. केबिनमधल्या सीटवर अंग मुडपून, उघड्या दारातून पाय बाहेर काढून तो डोळे मिटतो, पण पुढची गाडी हलली की त्यालाही हलावे लागते, म्हणून त्या डोळे मिटण्याला झोप म्हणता येत नाही. या सगळ्याचा मोबदला पुष्कळदा खेपेवर ठरलेला असतो आणि वर जेवणखाणापुरता भत्ता मिळतो. रांग दोन तासांची असो वा सहा तासांची, खेपेचा आकडा बदलत नाही. भीमाशंकराच्या वाटेवरही तीच गत आहे. श्रावणी सोमवारी भाविक दर्शनबारीत उभे असतात आणि चालक वाहनतळावर गाडीपाशी बसून असतो. त्याला मिळते ते येण्या-जाण्याचे, बसून काढलेल्या वेळाचे नाही.

हा थांबलेला वेळ काम आहे काय, या प्रश्नावर भारतीय विचारात फार जुना वाद आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात, म्हणजे व्यवहार आणि करार यांविषयीच्या विभागात, कामावर हजर झालेल्या मजुराला मालकाने काम दिले नाही तर काय, याची चर्चा येते. पूर्वीच्या आचार्यांच्या मते मजूर हजर झाला की काम झालेच असे धरावे. कौटिल्याला हे मान्य नाही, वेतन केलेल्या कामाचे असते, न केलेल्याचे नसते, असे त्याचे म्हणणे आहे. खेपेवर पैसे देणाऱ्या मालकाला हे मत सोयीचे वाटेल, परंतु कौटिल्य तेथे थांबत नाही. थोडेसे जरी काम करवून घेतले आणि मग मालकानेच पुढचे करू दिले नाही, तर ते सगळे काम झाले असे समजावे, अशी पुस्ती तो लगेच जोडतो. तुर्भ्याच्या रांगेत उभा असलेला चालक घाट उतरून आलेला असतो. त्याचे काम अर्धे होऊन अडलेले असते आणि अडविणारा तो स्वतः नसतो. तेव्हा या वादातील कठोर पक्ष स्वीकारला तरी निकाल चालकाच्याच बाजूने लागतो.

आधुनिक कायद्याने मात्र येथे विचित्र पाऊल टाकले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, लांब पल्ल्याच्या मार्गांवर १० तासांपर्यंत मुभा दिली आणि विश्रांतीचा काळही ठरवून दिला, हे त्याचे मोठे श्रेय आहे. परंतु कामाचे तास म्हणजे काय हे सांगताना गाडी चालती असतानाचा वेळ आणि हिशेब, नोंदी यांसारख्या पूरक कामांचा वेळ यांबरोबर नुसत्या हजेरीचा, म्हणजे बोलावणे येईल म्हणून जागेवर थांबून राहण्याचा वेळही त्याने जमेस धरला, आणि तो गाडीच्या शेवटच्या ठिकाणी पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच. थोडे थांबणे काम ठरले आणि पुष्कळ थांबणे काम ठरले नाही, ही या व्याख्येची परिणती आहे. शिवाय हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता, त्यामुळे एक-दोन पिकअप बाळगणारा घोडेगावचा किंवा ओतूरचा मालक त्याच्या कक्षेत आलाच नाही. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. पंधरा मिनिटांच्या त्या रेषेमागे कोणते तत्त्व होते, याची चर्चा मात्र जवळजवळ झालीच नाही.

परदेशांत हाच पेच वेगळ्या रूपात दिसतो. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या चालकांना मैलांवर पैसे देण्याची पद्धत रूढ आहे आणि १९३८ च्या श्रममानक कायद्यातील जादा कामाच्या तरतुदीतून आंतरराज्य वाहतुकीचे चालक वगळलेले आहेत. युरोपीय संघाच्या २००६ च्या ५६१ क्रमांकाच्या नियमावलीने दिवसाला साधारणपणे ९ तासांपेक्षा जास्त गाडी चालविण्यास मनाई केली, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची केली आणि रस्त्याच्या सुरक्षेला बाधा येईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या वजनावर चालकाला पैसे देणेही निषिद्ध ठरविले. २०२० च्या दुरुस्तीने १ जुलै २०२६ पासून आंतरराष्ट्रीय मालवाहतूक करणाऱ्या अडीच टनांवरील लहान व्हॅनही या चौकटीत येतात. तरीही तेथील चालकांसाठीच्या निर्देशात नुसत्या उपलब्धतेचा काळ कामाच्या काळापासून वेगळा काढलेला आहे. याउलट रुग्णालयातील डॉक्टरांविषयी युरोपीय न्यायालयाने २००० मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये असा निर्णय दिला, की बोलावणे येईल म्हणून रुग्णालयातच थांबलेला डॉक्टर त्या वेळात झोपला तरी तो कामावरच आहे. डॉक्टरची झोप काम ठरते आणि चालकाचे जागरण ठरत नाही, या भेदाला समाधानकारक तात्त्विक आधार सापडत नाही.

तो आधार शोधण्यासाठी जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटात जाणे उपयोगाचे ठरते. सातवाहनांच्या काळी घाटमाथ्यावरचा व्यापारी माल याच घाटाने कोकणातील बंदरांकडे उतरत असे. तेथील लेण्यात राणी नागनिकेशी जोडला जाणारा, सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे आणि त्यात अश्वमेधादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची, म्हणजे गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी यांची, लांबलचक यादी आहे. दक्षिणा म्हणजे धर्मकृत्यानंतर स्वेच्छेने दिलेली देणगी, असा आज सर्वसाधारण समज आहे. वेदातील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाचे मत याहून वेगळे आहे. जैमिनीच्या मताने दक्षिणा हा परिक्रय आहे, म्हणजे ऋत्विजाची, यज्ञकर्म करणाऱ्या पुरोहिताची, सेवा मोबदला देऊन आपलीशी करणे आहे. यज्ञ करतो पुरोहित आणि फळ मिळते यजमानाला, हे कसे, या शंकेचे उत्तर मीमांसकांनी असे दिले, की यजमानाने त्या श्रमाचे मोल देऊन ते श्रम आपले करून घेतले, म्हणून फळावर त्याचा हक्क पोचतो.

या सिद्धान्ताचा आशय यज्ञमंडपापुरता ठेवण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ आपल्याला हवे असेल तर ते श्रम पूर्णपणे मोल देऊन घेतलेले असले पाहिजेत, हा त्याचा गाभा आहे. आणि ऋत्विजाचे श्रम मंत्र म्हणण्याच्या क्षणांपुरते मोजले जात नव्हते. एका ऋत्विजाचे कर्म चालू असताना दुसरा आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला असे आणि ते बसणेही यज्ञाचा भाग असे. चार प्रमुख ऋत्विजांपैकी ब्रह्मा तर बहुतेक वेळ मौन धरून कर्मावर लक्ष ठेवतो आणि चूक झाली तरच बोलतो, तरी त्याच्या दक्षिणेचा वाटा कोणी नाकारला नाही. लक्ष देऊन बसून राहणे हे पूर्ण वेतनाचे काम आहे, हे या परंपरेने आपल्या सर्वांत पवित्र कर्मात मान्य केले होते. ज्या घाटात ही दक्षिणा दगडावर कोरली गेली, त्याच घाटातून ओझी वाहणाऱ्यांच्या मजुरीविषयी त्या लेखाच्या उपलब्ध भागात एक अक्षरही नाही, आणि धर्माच्या इतिहासातली ही उणीव मोठी आहे.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो भाविक मनातून येतो म्हणून त्याची दखल घेतली पाहिजे. गीतेने फळाची आशा सोडून कर्म करण्यास सांगितले असताना चालकाने तासांचा हिशेब मांडावा हे कितपत योग्य, आणि देवाच्या दारी भाविकांना नेणाऱ्याने तर ती सेवाच समजू नये काय, असा हा आक्षेप आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त निष्काम कर्माचा जो अर्थ लावला, तो कर्त्याने स्वतःच्या बुद्धीला लावून घ्यावयाच्या शिस्तीचा आहे. फलाशा सोडण्याचा अधिकार ज्याचे फळ आहे त्याचाच असतो. दुसऱ्याने ती सोडावी असे सांगून त्याचे फळ आपल्या खिशात ठेवणे याला निष्कामता म्हणता येत नाही. त्यागाचा उपदेश जेव्हा पैसे देणारा पैसे घेणाऱ्याला करू लागतो, तेव्हा तो अध्यात्म राहत नाही, वेठ होते. भीमाशंकराला जाणाऱ्या भाविकाला चालकाच्या सेवाभावाचे खरेच कौतुक असेल, तर वाहनतळावरच्या त्याच्या पाच तासांचे पैसे आधी द्यावेत आणि कौतुक मागाहून करावे.

जुन्नरच्या डोंगरांतील बौद्ध लेण्यांच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी, म्हणजे कारागिरांच्या संघटना, भेटतात. याच परंपरेतील दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात बुद्ध एका गृहस्थाला धन्याची सेवकाविषयीची पाच कर्तव्ये सांगतो. बळ पाहून काम नेमणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि योग्य वेळी मोकळे सोडणे, अशी ती आहेत. मोकळे सोडणे येथे कृपा म्हणून येत नाही, वेतनाच्या शेजारी आणि त्याच दर्जाने येते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये निर्वाह वेतनाबरोबर फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता येईल अशी कामाची स्थिती राज्याने साधावी असे म्हटले आहे, तेथेही हाच विचार आहे.

चालकाच्या बाबतीत या फुरसतीला आणखी एक अर्थ आहे. त्याच्याकडून विकत घेतली जाते ती मुख्यतः त्याची जाग. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात असे दिसून आले, की सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. भारतात वाहन चालविण्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी उठून दुपारी माल भरणारा आणि पहाटे रिकामी गाडी घेऊन परत फिरणारा चालक माळशेजच्या वळणांवर ज्या अवस्थेत असतो, ती मद्यप्यासाठी गुन्हा ठरलेली अवस्था आहे. ज्या मोबदल्यात थांबण्याला मोल नाही, त्यात झोपेलाही मोल नसते, कारण चाक थांबले की कमाई थांबते. याच वाटेवर आळे येथे, ज्ञानदेवांनी ज्याच्या तोंडून वेद वदविले असे परंपरा मानते, त्या रेड्याची समाधी आहे. ओझे वाहणाऱ्या जनावराला या मुलखाने तेवढा मान दिला आहे. ओझे वाहणाऱ्या माणसाच्या विश्रांतीचा हिशेब त्याच मुलखाने ठेवू नये, हे लाजिरवाणे आहे.

गाडीमालकांची अडचण खरी आहे. अनेकांच्या डोक्यावर गाडीचे हप्ते असतात, डिझेलचा खर्च वाढत राहतो आणि शेतकऱ्याला कोथिंबिरीच्या जुडीला दोन पैसे मिळतील याची खात्री नसते, त्यामुळे थांबल्या वेळेचे पैसे एकट्या मालकाने सोसावेत असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. गाडी ज्याच्यामुळे खोटी होते, त्याने ते द्यावेत. गाळ्यासमोर गाडी अडली तर तो बोजा बाजाराच्या व्यवस्थेचा आहे, आणि देवळाच्या रांगेमुळे अडली तर ज्याने दर्शनासाठी गाडी ठरविली त्याचा आहे. मंचर, नारायणगाव आणि घोडेगाव येथील गाडीमालकांनी आणि बाजार समित्यांनी भाड्याच्या चिठ्ठीवर पोचल्याची आणि सुटल्याची वेळ लिहिण्याची आणि पहिल्या तासानंतरच्या प्रत्येक तासाचा दर ठरविण्याची पद्धत सुरू करावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.