महिन्यातून एकदा

बालगृहात ठेवलेल्या मुलाला आईबापांनी किती वेळा भेटावं, याचं उत्तर बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आहे : महिन्यातून एकदा; विशेष बाब असेल तर संस्थाप्रमुखाला योग्य वाटल्यास अधिक वेळा. ज्यांनी मुलावर अत्याचार केले किंवा त्याचं शोषण केलं, त्यांना ही मुभा नाही. ते योग्यच आहे. रक्ताचं नातं म्हणजे मायाच, असं समजणाऱ्यांनी बाल कल्याण समितीपुढची प्रकरणं पाहिलेली नसतात.

पण बालगृहांतली कितीतरी मुलं अशा घरांतून आलेली नसतात. बाप गेलेला, आई मजुरीवर, सांभाळायला कुणी नाही, एवढंच कारण असतं. त्यांच्यासाठी हा महिना कुठून आला? मुलाच्या मनातून तो नक्कीच आलेला नाही. चार वर्षांच्या पोराला महिना कळत नाही आणि तेरा वर्षांच्या मुलीला तो फारच नीट कळतो. नियम दोघांना एकच. महिना हा दफ्तराचा काळ आहे, हजेरीपटाचा आणि पगारपत्रकाचा. मुंबईत १९२४ च्या बालक कायद्यानंतर ही व्यवस्था उभी राहिली, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी आली आणि डोंगरीचं बालगृह उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात वसलं. भिंतींबरोबर भेटीची रीतही आली असावी, असं मला वाटतं. लोक अजून ‘रिमांड होम’च म्हणतात, आणि भेटीला येणारी आई आपणच काही गुन्हा केल्यासारखी दाराशी उभी राहते.

कमी भेटींच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास होतो. आई येऊन गेली की पोर बिथरतं, जेवत नाही, रात्री रडतं. आली नाही की कसं शांत असतं. लंडनच्या रुग्णालयांतल्या परिचारिकाही हेच म्हणत. तिथे जेम्स रॉबर्टसन या सामाजिक कार्यकर्त्याने १९५२ मध्ये एक साधा चित्रपट केला : शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेली दोन वर्षांची मुलगी, आणि तिचे आठ दिवस. आईपासून दुरावलेली मुलं आधी आकांत करतात, मग खचतात, शेवटी तुटतात, असा त्याचा निष्कर्ष होता. हा तिसरा टप्पा बाहेरून रुळल्यासारखा दिसतो. म्हणजे ज्याला कर्मचारी ‘सवय झाली’ म्हणत होते, ती मुलाने सोडलेली आशा होती. डॉक्टर मंडळी आधी चिडली. पण १९५९ च्या प्लॅट समितीने आईबापांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ द्या, अशी शिफारस केली. रडणं हा नातं जिवंत असल्याचा पुरावा आहे, हे एकदा मान्य केलं की त्याच रडण्यावरून भेटी कापता येत नाहीत.

कापल्या तर काय होतं, ते नॉर्वेतल्या एका खटल्यात दिसलं. जेमतेम तीन आठवड्यांचं बाळ सरकारने ताब्यात घेतलं. आईला भेटी मिळाल्या त्या वर्षातून सहा, पुढे चार. प्रत्येकी दोन तास. मूल तीन वर्षांचं झालं तेव्हा ते आईला लागलेलं नाही, पालनकर्त्या कुटुंबालाच आपलं मानतं, असं म्हणून त्याचं दत्तकविधान मंजूर झालं. वर्षाचे आठ तास देऊन वर माया का लागली नाही, असं विचारायचं! युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १० सप्टेंबर २०१९ रोजी १३ विरुद्ध ४ मतांनी नॉर्वेला दोषी धरलं. इतक्या विरळ भेटींवरून आईच्या कुवतीबद्दल ठाम काही सांगता येत नाही, हेही बजावलं. ताबा काढून घेणारा आदेश मूल तात्पुरतं घेतलं असं म्हणत असतो. ते खरं की खोटं, हे भेटींचं वेळापत्रक सांगतं.

नॉर्वेवर आपण पूर्वीच संतापलो आहोत. एका भारतीय जोडप्याची मुलं तिथे ताब्यात घेतली तेव्हा दिल्ली हलली, पुढे त्यावर हिंदी चित्रपटही आला. आपल्या वर्षाच्या बारा भेटी त्यांच्या चारांहून जास्त आहेत, हे खरं. पण बीडच्या ऊसतोड बाईला त्या कशा मिळणार? दिवाळीच्या सुमारास ती टोळीबरोबर कारखान्यावर जाते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाही. उचल घेतलेली असते, खाडा परवडत नाही. तिच्या हिशेबी बाराच्या सहा-सात होतात, आणि नोंदवहीत मात्र ‘पालक भेटीस आले नाहीत’ एवढंच उरतं. तीच नोंद पुढे गृहचौकशीच्या वेळी निघते.

नियम निर्दय आहेत असं मला म्हणायचं नाही. मुलाने महिन्याला निदान एक पत्र घरी लिहावं, टपालखर्च संस्थेने द्यावा, असं त्यांत आहे. कुणाला तरी हे सुचलं, याचं कौतुक वाटतं. (घरी ते वाचणारं कुणी असेल, हे गृहीत धरलेलं आहे.) कायद्याच्या कलम ९८ मध्ये रजाही आहे, साधारणपणे सात दिवसांपर्यंत, प्रवास वगळून. परीक्षा, नात्यातलं लग्न, मृत्यू, आईबापाचा अपघात किंवा गंभीर आजार, अशी प्रसंगांची उदाहरणं तिथे दिली आहेत. आई धडधाकट असताना, घरात कुणी मेलेलं नसताना, नुसतं चुलीजवळ बसायला जावंसं वाटणं या यादीत नाही. खरं तर नातं अशाच बिनकारणाच्या दिवसांत मुरतं.

इंग्लंडच्या १९८९ च्या बालक कायद्यात एक बारीक तरतूद आहे : भेटीला येणाऱ्या पालकाचा प्रवासखर्च स्थानिक प्राधिकरण देऊ शकतं. ‘देऊ शकतं’, द्यायलाच हवा असं नाही. तरी भेट म्हणजे एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी, हे तो कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. आपल्याकडे ‘विशेष बाब’ ही पळवाट उदार आहे, पण ती उघडायची कुणी? अधीक्षकाच्या अंगावर शंभर मुलं असतात. आपल्याला जास्त वेळा भेट मागता येते, हेच बहुतेक आयांना माहीत नसतं. अधीक्षकाने ते स्वतःहून त्यांना सांगावं, एवढी एक ओळ त्या नियमात घालायला काहीच खर्च येणार नाही.