"आमेन" म्हणजे "संपलं" नव्हे

आजचं वाचन : नहेम्या 5:1-13



"आमेन" हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो? जेवणाआधी, झोपण्याआधी, युवक सभेत. व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. कुणी प्रार्थनाविनंती टाकली की खाली रांग लागते : आमेन, आमेन, जोडलेले हात. हळूहळू त्याचा अर्थ "प्रार्थना संपली, आता डोळे उघडा" एवढाच उरतो.

पण हा इब्री शब्द मुळात शेवट सांगणारा नाहीच. त्याच्या धातूचा अर्थ आहे पक्कं असणं, भरवसा ठेवण्याजोगं असणं. उत्पत्ती 15:6 मध्ये अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला, तिथलं इब्री क्रियापदही ह्याच धातूचं आहे. म्हणजे आमेन म्हणणं म्हणजे "हे खरं आहे, असंच होवो" असं म्हणून त्याखाली आपली सही करणं.

सही केली की जबाबदारी येते. अनुवाद 27 मध्ये लेवी बारा शाप मोठ्याने उच्चारतात : शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्यावर, आंधळ्याला वाट चुकवणाऱ्यावर, परका, अनाथ आणि विधवा यांचा न्याय बिघडवणाऱ्यावर. प्रत्येक शापानंतर सर्व लोकांनी आमेन म्हणायचं आहे. ते दुसऱ्या कुणाविषयी बोलत नाहीत. "मी असं केलं, तर हे मलाही लागू" असं कबूल करतात.

आता आजचं वाचन बघा. यरुशलेमचा कोट बांधणं चालू आहे, पण आत गरीब बुडालेत. धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली आहेत. राजाचा कर भरायला कर्ज काढलंय, मुलंमुली दास्यात चालली आहेत. आणि हे व्याज घेणारे परके नाहीत, आपलेच भाऊ आहेत. नहेम्या संतापतो, श्रीमंतांकडून परतफेडीची शपथ घेतो, आपल्या वस्त्राचा ओचा झटकतो. सगळी मंडळी आमेन म्हणते आणि देवाची स्तुती करते. 13 वं वचन तिथेच थांबत नाही. लोकांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे केलं, असं ते सांगतं. त्या दिवशी आमेन म्हणण्याची किंमत होती : सोडून दिलेलं व्याज, परत केलेली जमीन.

मग प्रश्न असा : ज्या प्रार्थनेसाठी मी बोटही उचलणार नाही, तिला आमेन म्हणावं का?

प्रत्येक उत्तर आपल्या हातात नसतं हे खरं. आजाऱ्याला बरं करणं देवाचं काम आहे. पण रात्री त्याच्यापाशी बसणं आपल्याला जमतं. रूममेटची नोकरी गेली, आपण ग्रुपवर आमेन लिहिलं. मग त्याचा बायोडेटा ओळखीत पुढे पाठवायला काय हरकत आहे? प्रार्थनेतला जो छोटा वाटा आपल्या हातात आहे, तो आमेनने आपल्या नावावर होतो.

आणि एखाद्या दिवशी आमेन म्हणायला जीभच वळत नसेल तर? 1 करिंथ 14:16 मध्ये पौल विचारतो की ज्याला प्रार्थना कळलीच नाही, तो आमेन कसा म्हणणार. म्हणजे समजून म्हटलेलं आमेन त्याला हवं आहे. कधी कधी थोडं गप्प राहणंही प्रामाणिक असतं.

आपलं आमेन डळमळतं, हे देवाला ठाऊक आहे. म्हणूनच प्रकटीकरण 3:14 मध्ये प्रभू येशूलाच "आमेन" हे नाव दिलंय, आणि 2 करिंथ 1:20 सांगतं की देवाच्या सगळ्या वचनांचा होकार त्याच्यात आहे. त्याने आपली सही वधस्तंभावर केली आणि ती मागे घेतली नाही. आपली सही त्याच्या सहीखाली आहे, म्हणून ती टिकते.

आजसाठी : कालपासून ज्या विनंत्यांना तुम्ही आमेन म्हटलंत, त्यातली एक निवडा. तुमच्या हातातला वाटा कोणता? तो आजच करा.

प्रार्थना : प्रभू, माझ्या ओठांवरचा शब्द माझ्या हातांपर्यंत येऊ दे. आमेन.