दुधाच्या पट्ट्यात वनस्पतीचे दूध

श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापुरात दूध हे अन्न होण्याआधी पगार असते. डेअरीतून दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या पगारावर किराण्याची उधारी फिटते, मुलांची फी भरली जाते आणि पेंडेचे पुढचे पोते येते. पहाटेच्या धारा, संकलन केंद्रावरची रांग, पावतीवरचे फॅट आणि एसएनएफचे आकडे यांवर प्रवरेच्या दोन्ही तीरांवरचे दिवस चालतात. अशा मुलखात तालुक्याच्या मोठ्या दुकानात सोया दुधाचा खोका दिसू लागला, तर त्याला शहरी खूळ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. मला ते करायचे नाही. हा खोका जो प्रश्न घेऊन आला आहे, तो दूध पिणाऱ्याइतकाच दूध काढणाऱ्याचाही आहे.

गेल्या काही वर्षांत या पदार्थांची वाट रुंद झाली आहे. रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये वनस्पतीपासून बनवलेल्या मांससदृश पदार्थांची 'इमॅजिन मीट्स' ही कंपनी आणली. पाठोपाठ टाटा आणि आयटीसीसारखे मोठे उद्योग त्या बाजारात उतरले. २०२२ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन, म्हणजे जनावरापासून काहीच न घेतलेल्या, पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि वेष्टनावर छापायचे हिरवे चिन्ह ठरवून दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये वनस्पतीजन्य दूधपेयांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून आणि सोया दुधावरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. थोडक्यात, सरकारने या मालाला ओळख दिली आणि कराचा भारही हलका केला. आता तो गावोगाव कधी पोहोचतो, एवढेच पाहायचे आहे.

पोहोचेल तेव्हा इथल्या स्वयंपाकघराला त्यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. नगर जिल्ह्यातली हुलग्याची शेंगोळी, मटकीची उसळ, लग्नाच्या पंगतीतली आमटी, कारळ्याची चटणी, बाजरीची भाकरी आणि ठेचा यांना जनावराच्या दुधाची गरज कधीच नव्हती. मासवडी तर बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून, माशाच्या तुकडीचा आकार देऊन रश्शात सोडतात. एखाद्या पदार्थाचे रूप डाळीच्या पिठातून उभे करण्याची कला आपल्या बायकांच्या हातात किती जुनी आहे, हे पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. मात्र या जेवणात दूध-तूप नसायचे त्याचे कारण बहुतेक घरांत ऐपत हे होते. आजही गोठा असलेल्या कितीतरी घरांत धारेचे दूध आधी केंद्रावर जाते आणि पोरांच्या वाट्याला चहापुरते उरते. नाइलाजाने न मिळणे आणि विचार करून न घेणे यांतले अंतर शहरातल्या व्हीगन मित्रांनी कधी विसरू नये.

आपल्याकडे कोण काय खातो यावरून माणसाची पायरी ठरवण्याची वाईट खोड आहे, म्हणूनही हे सांगावे लागते. व्हीगन खाणे हे नवे सोवळे झाले तर ते इथल्या गरिबाला आणखी एकदा दूर लोटेल. पण तो विचार मुळात सोवळ्याच्या उलट्या दिशेने जातो. शाकाहाराचा हिरवा ठिपका दुधाला निर्दोष धरतो आणि तूप-पनीर खाणाऱ्याला निश्चिंत ठेवतो. व्हीगन विचार ती निश्चिंती काढून घेतो. मटण खाणारा आणि बासुंदी खाणारा दोघांनाही तो एकच गोष्ट विचारतो: तुमच्या ताटासाठी जनावराचे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर गोठ्यात आहे आणि ते गोठेवाल्याला ठाऊक आहे. गाय दूध देत राहावी म्हणून ती वर्षा-सव्वावर्षाने व्यायला हवी. व्याल्यावर साधारण निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. बैलाने औत ओढायचे दिवस होते तेव्हा खिलार किंवा गावठी गोऱ्ह्याला मोल होते. आता शेतात ट्रॅक्टर आहे, आणि जर्सी-एचएफचा गोऱ्हा उन्हात औताला टिकत नाही. २०१५ पासून राज्यात बैल आणि गोऱ्ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. तेव्हा जो विकला जात नाही, राबत नाही आणि कापलाही जात नाही, त्या जिवाला दूध कोण पाजणार? काही गोऱ्हे उपासमारीने आठवड्यात मरतात, काही रात्री दूर नेऊन सोडले जातात. भाकड गायींचेही थोडेफार तसेच. शेतकरी हे आनंदाने करत नाही. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा याच जिल्ह्यात माणसांनी रात्र-रात्र जागून गायींच्या गाठी शेकल्या, गायी गेल्यावर घरात चूल पेटली नाही. गायीवर माया असलेल्या माणसाला गोऱ्ह्याकडे पाठ फिरवायला लावणारी ही व्यवस्था आहे, आणि तिचे दूध पिणारे आपण सगळे तिचे भागीदार आहोत.

गांधीजींना हा काटा फार आधी टोचला होता. कलकत्त्यात गायी-म्हशींच्या अंगातून दूध ओढून काढण्यासाठी होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकाराची माहिती कळल्यावर त्यांचे मन दुधावरून उतरत गेले आणि १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. पुढे जिवावरच्या दुखण्यात कस्तुरबांच्या आग्रहावरून त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि आपण व्रताचा फक्त शब्द पाळला ही टोचणी आत्मकथेत लिहून ठेवली. व्हीगन हा शब्द इंग्लंडात १९४४ मध्ये जन्मला. प्रश्न त्याच्या किती तरी आधी आपल्या घरात होता.

आता कुणी म्हणेल, गोठ्यावरच्या पोटाचे काय? तो प्रश्न टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. इथून जवळच्या पुणतांब्यातून १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि दूध रस्त्यावर ओतले गेले. पुढच्याच वर्षी जुलैत दुधासाठी पुन्हा आंदोलन झाले. २०२४ मध्ये दर पडल्यावर सरकारला गायीच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान द्यावे लागले. ही आंदोलने झाली तेव्हा व्हीगन पदार्थांचा बाजार नगण्य होता. दूधउत्पादकाला बदामाच्या दुधाने मारलेले नाही. पावडरीचे पडते भाव, पेंडेचे चढते भाव आणि दर ठरवताना त्याचे न चालणे यांनी त्याला मारले आहे. श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दूधव्यवसाय २०१९ मध्ये लॅक्टॅलिस या फ्रेंच कंपनीने घेतला, म्हणजे गावचे दूध विरुद्ध परदेशी खूळ अशी मांडणीही आता टिकत नाही. लिटरच्या दरात ज्याप्रमाणे गोऱ्ह्याच्या पोषणाचा खर्च धरलेला नाही, त्याचप्रमाणे पहाटे चारला उठणाऱ्या बाईची मजुरीही धरलेली नाही. या दोघांना वगळूनच दूध स्वस्त झाले आहे. व्हीगन विचार आणि शेतकरी आंदोलन यांनी एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

दूधधंदा ही इथली युगानुयुगांची परंपरा आहे, असेही एक मत ऐकू येते. गाय जुनी आहे, धंदा नाही. हा मुळात बाजरीचा दुष्काळी मुलूख. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, कालव्यांच्या पाण्यावर ऊस पसरला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना धुराडे सोडू लागला, आणि १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना उभा केला. संकरित गाय आणि गावोगावच्या दूध संस्था त्यानंतरच्या, सत्तरच्या दशकापासूनच्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय दिली. शंभर वर्षांत दोनदा ज्या शेतकऱ्याने आपले पीक आणि उत्पन्नाचा आधार बदलून दाखवला, त्याला तिसऱ्यांदा काही जमणार नाही असे मानणे हा त्याचा अपमान आहे.

तिसऱ्या बदलाचे बी त्याच्या शेतात पेरलेलेच आहे. त्याच राहुरी विद्यापीठाच्या 'फुले संगम' आणि 'फुले किमया' या सोयाबीनच्या वाणांनी राज्यातले बरेच शिवार व्यापले आहे. हे सोयाबीन जाते कुठे? तेल निघते आणि उरलेली प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांना, गायींना आणि परदेशी जाते. माणसाच्या तोंडी सोयाचे प्रथिन जवळजवळ येतच नाही. येते ते वड्यांच्या रूपात, वसतिगृहाच्या भाजीत. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, म्हणजे किलोला ५३ रुपये, आणि बाजारात तोही अनेकदा मिळत नाही. एका किलोतून सहा-सात लिटर सोया दूध सहज निघते. लिटरभर दुधात दाणा पडतो आठ-नऊ रुपयांचा. दुकानातला खोका त्याच्या दहापटीहून महाग असतो. मधला पैसा प्रक्रियेचा, वेष्टनाचा, वाहतुकीचा, जाहिरातीचा आणि नफ्याचा. शेतकऱ्याच्या वाट्याला इथेही दाण्याचाच भाव येतो. व्हीगन बाजारावरचा माझा खरा आक्षेप हा आहे. जनावराला न्याय देऊ पाहणारा माल पिकवणाऱ्याला जुन्याच जागी उभा ठेवत असेल, तर त्याची नीती अर्धवट आहे.

नावाच्या वादाबद्दल थोडे. वनस्पतीच्या पेयाला दूध म्हणू नये, अशी दूधसंघांची मागणी आहे आणि २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना तसे बजावलेही. ग्राहकाला नेमके कळावे हे योग्यच. पण दूधउत्पादकाचा घास हिरावणारा माल वेगळा आहे. मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते बनावट पनीर घेऊन विधानसभेत आले, तेव्हा राज्यभर या विषयाची चर्चा झाली. वनस्पती तेल आणि दूधपावडर यांपासून बनलेला तो लगदा हॉटेलांत पनीर म्हणून खपतो. त्यात जनावर सुटत नाही, शेतकऱ्याचे दूध मात्र सुटते, आणि खाणाऱ्याला काहीच सांगितले जात नाही. आपण काय आहोत हे वेष्टनावर छापून येणाऱ्या टोफूशी भांडण्यात शक्ती घालवण्यापेक्षा या लपलेल्या मालाच्या मागे लागलेले बरे.

आरोग्याच्या बाबतीत मात्र डोळे उघडे हवेत. सोया दुधात गायीच्या दुधाच्या जवळपास प्रथिने असतात. बदामाच्या पेयात बहुतांश पाणीच असते. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीच्या अन्नातून भरवशाने मिळत नाही, ते वेगळे घ्यावे लागते किंवा पदार्थात मिसळलेले असावे लागते. लहान बाळाला आईच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाऐवजी असली पेये देणे धोक्याचे आहे. महागड्या वेष्टनावर प्राणीप्रेम छापलेले असले म्हणून ही काळजी संपत नाही. आणि मैदा-पामतेलाचे बिस्किट केवळ दूध नाही म्हणून पौष्टिक होत नाही.

बेलापुरातल्या गायी उद्या सोडून द्याव्यात असे मी म्हणणार नाही. ते शक्य नाही, आणि त्या गायींच्याही हिताचे नाही. बहुतेक वेळा कालवडीच होतील अशा लिंगनिर्धारित रेतमात्रा अनुदानात मिळतात, त्या प्रत्येक गोठ्यापर्यंत पोहोचाव्यात. भाकड जनावराच्या सांभाळाचा वाटा दुधाच्या किमतीतच धरला जावा, आणि तो शहरातल्या ग्राहकाने द्यावा. याच्या जोडीला दूध संस्थांनी आपल्याच यंत्रणेकडे नव्याने पाहावे. दूध तापवण्याची, थंड करण्याची, पिशव्या भरण्याची सोय, गाड्या आणि विक्रेते त्यांच्याकडे आहेत. दळून-गाळून काढलेल्या सोया दुधाला पुढे जवळजवळ हेच सगळे लागते. गावच्या बचत गटाने काढलेले, गावच्या सोयाबीनचे दूध संस्थेच्या पिशवीत भरून रोजच्या दुधाच्या गाडीतून तीस-चाळीस रुपयांत श्रीरामपूरला गेले, तर दाणा पिकवणाऱ्याला हमीभावाच्या वर चार पैसे देता येतील. ज्या घरात पोरांना चहापुरतेच दूध उरते, तिथे त्यातला एक पेला ठेवता येईल. सोयाबीन काढणीला येते ऑक्टोबरात; संस्थांच्या वार्षिक सभा त्याच्या आधी होतात. या विषयाला त्या सभेच्या पत्रिकेवर जागा मिळायला हवी.