हरलेल्यांचा उजेड

शोकेससमोर उभ्या राहणाऱ्यांत सर्वांत बिनकामाचा माणूस म्हणजे परीक्षक. तो थांबणारच असतो. काच सजवतात ती न थांबणाऱ्यांसाठी. म्हणून परीक्षकाने आधी काचेकडे पाठ करावी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावले पाहावीत. आईचा हात ओढणारे पोर कोणत्याही तक्त्यापेक्षा नेमके गुण देते.

नाताळ जवळ आला की इंग्लंडमधल्या छोट्या गावांत दुकानांच्या दर्शनी सजावटीची स्पर्धा लागते. ती नगर परिषद भरवते, नाहीतर व्यापाऱ्यांची संघटना. कल्पकता, विषय, दिव्यांची योजना, दुकानातल्याच मालाचा वापर: रकाने ठरलेले, दुकाने मात्र नाना तऱ्हांची. बेकरीवाल्याचे निम्मे काम त्याचा मालच करून टाकतो. चष्मेवाल्याने रेनडिअरच्या नाकावर चष्मा चढवला की झाले. खाटकाने काय करावे? आणि अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्याने? त्याने एक लहानसे झाड आणि एकच दिवा ठेवला, तर सजावट कमी म्हणायची की समज जास्त? समजेला रकाना नसतो.

दुपारी दिलेले गुण कच्चे. बाहेर उजेड जास्त असेतोवर काच रस्त्यालाच त्याचे तोंड दाखवते. तिकडे डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मग कुठे आतले दिसू लागते. अंधार पडल्याशिवाय सजावटीची परीक्षा होत नाही. माणसाचीही होत नाही.

काचेमागचा हेतू कुणी कधी लपवलेला नाही. न्यूयॉर्कच्या मेसीजने 1874 मध्ये नाताळासाठी चिनी मातीच्या बाहुल्या मांडल्या, त्या खेळायला नव्हेत, खपायला. फ्रँक बॉमने 1897 मध्ये शिकागोत शोकेस सजवणाऱ्यांसाठी खास मासिक काढले. पाहणाऱ्याच्या मनात हव्यास जागवा, हा त्याचा रोखठोक सल्ला. 1900 मध्ये त्याने या कलेवर पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी मुलांसाठी ओझच्या जादूगाराची गोष्टही. त्या गोष्टीतला महान जादूगार पडद्याआड लपलेला एक साधा माणूस निघतो. हे सजावटकारालाच सुचावे.

पण हव्याससुद्धा कधीकधी स्वतःला विसरतो. न्यूयॉर्कच्याच लॉर्ड अँड टेलरने 1938 च्या नाताळात शोकेसमधला सगळा माल काढून घेतला आणि तिथे सोनेरी घंटा झुलत्या ठेवल्या. विकायला काहीच नव्हते; लोक तरीही थांबले. न्यूकॅसलच्या फेनविकमध्ये 1971 पासून दर नाताळात काचेमागे देखावे हलू-डुलू लागतात आणि बाहेर पोरांची झुंबड उडते.

दुकानातली फुकट मिळणारी एकच गोष्ट म्हणजे त्याची काच. तिच्यासमोर ऐपत असलेला आणि नसलेला खांद्याला खांदा लावून उभे राहतात. दोघांची वाट दारापाशी फुटते.

गोव्यात नाताळात आकाशकंदिलासारख्या ताऱ्यांच्या आणि येशूजन्माच्या गोठ्यांच्या स्पर्धा होतात. तिथे विकायचे काही नसते, म्हणून तिथला परीक्षक अधिक अवघडतो. भक्तीला दहापैकी सात कसे द्यायचे? बाजारात हा पेच नाही. दुकानदाराला गिऱ्हाईक हवे असते, आणि तो ते भर रस्त्यात सांगतो. उघड स्वार्थाला गुण देणे सोपे. त्यात कुणाचा देव दुखावत नाही.

दुकानदार मात्र दुखावतो. तिसरा आलेला हसून टाळ्या वाजवतो, आणि पहिल्याच्या काचेसमोरून जाताना पाऊल उचलतो. हरणे सोसते, शेजाऱ्याकडून हरणे सोसत नाही.

आणि भर बाजारात एखादे कायमचे बंद झालेले दुकान असते. ते स्पर्धेत नसते, पण निकालात असते. त्याची काळी काच दोन्ही शेजाऱ्यांचे गुण खाते. त्या अंधारापाशी कळते, की एकटी काच कितीही देखणी असली तरी तिने रस्ता उजळत नाही. वीस दुकानांतल्या एकालाच ढाल मिळते. उरलेली एकोणीस आपल्याला मिळणार नाही हे पुरते ओळखून शिडीवर चढलेली असतात, बोटे गारठवून माळा बांधत. विजेता हा निकालाचा भाग. रस्ता हा हरलेल्यांचा.

तेव्हा निकाल जाहीर करणाऱ्यांना एवढीच विनंती: ढाल जिंकणाऱ्याला द्या, पण आभार आधी हरलेल्यांचे माना. पुढच्या वर्षी ते आले नाहीत, तर पहिला नंबर द्यायला रस्ता उरणार नाही.