अमानतीला मुदत असते का?

वर्गात पंक्चरच्या सोल्युशनचा वास येत होता. खिडकीबाहेर सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून मी दुर्लक्ष केले. आठवड्याने कार्यालयातून व्हाइटनरच्या दोन बाटल्या गेल्या. चोर सापडला. तो माझाच भाचा होता. मी त्याला चोरीबद्दल मारले. बाटली कशासाठी घेतली, हे मात्र विचारले नाही. बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते, हेही इथे नोंदवून ठेवतो.

भाचा म्हणजे वसमतच्या माझ्या आपाचा मुलगा. पण पोटचा नव्हे. दुल्हेभाईंच्या दूरच्या नात्यातली एक बाई बाळंतपणात गेली. बाप ऊसतोडीला गेला तो परतला नाही. आपाला मूल नव्हते. नऊ दिवसांचे ते बाळ तिने पदरात घेतले. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात वडिलांच्या रकान्यात दुल्हेभाईंचे नाव मीच लिहिले. मोहल्ल्यात सगळ्यांना खरे ठाऊक होते. फक्त त्याला नव्हते.

चौदाव्या वर्षी त्याने घरातली तांब्याची देगची विकली. त्या रात्री रागाच्या भरात मी बोलून गेलो, ‘‘ज्यांनी तुला उचलून आणलं, त्यांच्याच घरात चोरी करतोस?’’ आपाने माझ्या तोंडावर हात ठेवला. पण शब्द निघून गेला होता. चौदा वर्षे लपवलेले सत्य मी त्याला दगडासारखे फेकून मारले.

दुसऱ्या दिवशी सांत्वनाला आलेल्या बायका म्हणाल्या, ‘‘पराया खून है, आपा. तुम क्या करते?’’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण या एका वाक्यात त्या आपाची आई म्हणून असलेली जबाबदारीही काढून घेत होत्या आणि तिचे आईपणही.

रक्ताचा हा सिद्धांत मला पटत नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. हुंगायच्या नशेचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर दहा ते सतरा वयाच्या मुलांत 1.17 टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त दिसलेली ही एकच नशा. ही सगळी मुले काय पोसलेली आहेत? सोल्युशन आणि व्हाइटनर 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात मोडत नाहीत. दहा-वीस रुपयांत मिळतात, घरात लपत नाहीत, कुणाला संशयही येत नाही. कारण शोधायचे तर आधी इथे शोधावे. मात्र हेही खरे की आपल्याला कुणीतरी सोडून दिले, हे कळलेल्या मुलाच्या मनात एक खड्डा पडतो. तो रक्ताने पडत नाही, आपल्या लपवाछपवीने पडतो.

आपल्याकडे म्हणतात, इस्लाममध्ये दत्तक नाही. हे अर्धेच वाक्य आहे. सूरह अहजाबमध्ये सांगितले आहे ते असे की पोसलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा. बाप माहीत नसेल तर ते तुमचे दीनी भाऊ आहेत. म्हणजे मनाई खोट्या नावाला आहे, मायेला नाही. हजरत जैद यांना त्यांचे वडील न्यायला आले, तेव्हा त्यांनी पैगंबरांजवळच राहणे पसंत केले. त्या काळी लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणत. या आज्ञेनंतर ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. नाव गेले, प्रेम आणि विश्वास तसाच राहिला. पुढे मुताच्या मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडेच सोपवले गेले. स्वतः पैगंबर जन्माआधीच पितृहीन झालेले. आजोबांनी आणि मग काका अबू तालिब यांनी त्यांना वाढवले. आम्ही मात्र उलटे केले. जे सांगायला हवे होते ते लपवले आणि जे बोलायला नको होते ते बोललो. दिलेल्या दानाची आठवण करून देऊन दुखावू नका, असेही कुरआन बजावतो. माझे त्या रात्रीचे वाक्य याहून वेगळे काय होते?

मूल पोटी आले तर माणूस म्हणू शकतो, अल्लाहने दिले. पोसायला घेतलेले मूल आपण स्वतः मागून घेतो. म्हणून त्याची जबाबदारी मला कमी नाही, जास्तच वाटते. त्याने बोलावले नव्हते, आपण गेलो होतो. मग त्याच्याकडून उपकाराची वसुली कशी करणार?

नांदेडच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. या नशेवर एखादी नेमकी गोळी नाही. समुपदेशन, घर आणि वेळ हेच औषध. दुसरी गोष्ट मी आता प्रत्येक पालकसभेत सांगतो. मूल हुंगत असताना दिसले तर ओरडू नका, पाठलाग करू नका. त्या क्षणी एकदम घाबरले तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. शांतपणे वस्तू बाजूला करा, मोकळ्या हवेत आणा, जवळ बसा. मी ज्या रागाला शिस्त समजत होतो, तो त्याचा जीव घेऊ शकत होता.

पण माया म्हणजे डोळेझाक नव्हे. आपाने कपाटाला कुलूप घातले आणि त्याला तसे तोंडावर सांगितले. देगची परत आणायला ती त्याला बरोबर घेऊन भंगारवाल्याकडे गेली. पैसे त्याने सुट्टीत हळदीच्या आडतीवर पोती शिवून फेडले. दुल्हेभाईंनी त्याच्या आईची कबर दाखवली, बापाचे नाव सांगितले. त्यानंतरही तो दोनदा घसरला. दोन्ही वेळा ताट झाकून ठेवलेले होते.

आता तो सोळा वर्षांचा आहे. लोक दुल्हेभाईंना म्हणतात, ‘‘और दो साल. फिर तुम छूटे.’’ कायदाही काहीसा तसाच आहे. 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याने मुसलमान माणूस फक्त पालक होतो आणि मूल अठराचे झाले की ते पालकत्व संपते. शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली निकाल दिला की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते. ज्याला आपल्या धर्मनियमाने चालायचे आहे, त्याच्यावर सक्ती नाही. आमच्याकडे यातला कुठलाच कागद नाही. वारसाहक्कही नाही, हिबा करता येते, एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. दुल्हेभाईंनी ती लिहायला घेतली आहे.

परवा तो मला म्हणाला, ‘‘मामू, रजिस्टरात माझ्या खऱ्या बापाचं नाव लिहायचं का?’’ मी म्हणालो, ‘‘तुला हवं असेल तर रीतसर अर्ज करू.’’ थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, ‘‘मग अब्बा घरात ठेवतील?’’

हे मी दुल्हेभाईंना सांगितले. ते काही बोलले नाहीत. उठले, खिशातून घराची जादा किल्ली काढली आणि त्याच्या दप्तरात ठेवली.