दुर्कसेची सुई आणि लुदियेचें दुकान

(शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ९:३६-४२ व १६:१३-१५, यिर्मया २२:१३)



आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत शिवणकाम करून पोट भरणाऱ्या भगिनी आतां थोड्या नाहींत. एखादी विधवा असते. एखादीचा नवरा ऊंसतोडीला गेलेला असतो. एखादीनें शाळा सुटल्यावर शिवणवर्गांत कांहीं महिने काढून, बचत गटाचें कर्ज काढून यंत्र घेतलेलें असतें. ओटीवर उजेडाच्या बाजूला तें यंत्र मांडलेलें असतें. तेंच तिचें दुकान, तेंच तिचें शेत. या लहानशा स्वतंत्र धंद्याविषयीं पवित्र शास्त्र काय सांगतें, आणि त्या भगिनीशीं मंडळीनें कसें वागावें, याचा आज आपण विचार करूं.

कापडाशीं संबंध असलेल्या दोन स्त्रिया प्रेषितांच्या कृत्यांत आपणांस भेटतात. पहिली यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस. ती मरण पावली तेव्हां विधवा रडत पेत्राभोंवतीं उभ्या राहिल्या, आणि तिनें जिवंतपणीं शिवलेलीं वस्त्रें त्याला दाखवूं लागल्या. दुर्कसेनें काय उपदेश केला हें लूक लिहीत नाहीं. तिनें काय शिवलें तें मात्र लिहितो. दुसरी लुदिया. ती थुवतीरा नगरची, फिलिप्पै येथें जांभळें वस्त्र विकणारी. खरा जांभळा रंग त्या काळीं समुद्रांतील एका जातीच्या गोगलगाईंपासून काढीत असत, आणि तसलें वस्त्र श्रीमंतांनाच परवडे. अशा मालाचा व्यापार करणाऱ्या या बाईचें अंतःकरण प्रभूनें उघडलें, आणि तिनें पौलाला व त्याच्या सोबत्यांना आग्रहानें आपल्या घरीं ठेवून घेतलें.

आतां हें ध्यानांत घ्या. दुर्कसेनें वस्त्रें दिलीं. लुदियेनें वस्त्रें विकलीं. दुर्कसेला कोणी म्हटलें नाहीं कीं तूं दाम घ्यावयास हवे होते. लुदियेलाही प्रेषितांनीं म्हटलें नाहीं कीं तूं आतां विश्वासणारी झालीस, तेव्हां दुकान बंद कर किंवा भावांना फुकट दे. एकीचें दान देवाला मान्य झालें, दुसरीचा व्यापारही त्यानें नाकारला नाहीं. उलट लुदियेचा धंदा चालत होता म्हणूनच तिच्या घरीं पाहुण्यांना जागा व अन्न होतें.

पण आमच्या मंडळ्यांत काय होतें? आम्ही लुदियेच्या दारांत उभे राहतों आणि तिच्याकडे दुर्कसेचें काम मागतों.

नाताळाच्या आधींचे तीन आठवडे आठवा. घरोघरचें कापड त्या एका ओटीवर येऊन पडतें. मुलींचे परकर-पोलकीं, मुलांचे सदरे, बाळाचें झबलें-टोपडें, शिवाय नाताळाच्या नाटकांतील देवदूतांचे झगे. ती बाई रात्रीं बारापर्यंत यंत्र चालविते. नाताळाच्या सकाळीं सगळी मंडळी नव्या वस्त्रांत भजनाला बसते. आणि शिलाई? कोणी म्हणतो, "ताई, ज्वारी विकली कीं देतों." कोणी म्हणतो, "आपल्या माणसाला एवढा भाव?" देवदूतांच्या झग्यांविषयीं तर कोणी बोलतच नाहीं, कारण ती 'सेवा' होती. मग जानेवारींत यंत्राच्या कर्जाचा हप्ता येतो. हप्ता वसूल करणारा तिला 'आपलें माणूस' म्हणत नाहीं.

आपण थोडा हिशेब करून पाहूं. समजा, अस्तराच्या एका पोलक्याची शिलाई २०० रुपये ठरली. अस्तराला ६० रुपये, दोरा व हूक यांना २० रुपये, आणि सुई, तेल, वीज व यंत्राची झीज मिळून १० रुपये गेले. उरले ११०. माप घेणें, बेतणें, शिवणें, हातशिलाई, हूक लावणें व इस्त्री यांत चार तास गेले, तर तासाला २७ रुपये ५० पैसे पडले. आतां गिऱ्हाइकानें ओळखीचा दाखला देऊन १२० रुपयेच हातावर ठेवले, तर खर्च वजा जातां उरले ३० रुपये. म्हणजे तासाला साडेसात. निंदणीला बोलाविलेल्या मजुराला असा दर सांगण्याची लाज आपणांस वाटेल. पण भगिनीला सांगतांना वाटत नाहीं, कारण तिच्या श्रमाला आपण 'मदत' असें नांव दिलें आहे.

यिर्मया संदेष्टा यहोयाकीम राजाविषयीं हेंच बोलला. त्या राजानें प्रशस्त वाडा बांधला, खिडक्या पाडल्या, गंधसरूचें लांकूड लावलें. पण ज्या शेजाऱ्याकडून काम करून घेतलें त्याला वेतन दिलें नाहीं, म्हणून देवानें त्याला धिक्कारिलें. राजाचा वाडा आणि आमच्या मुलीचा परकर यांत मोठें अंतर आहे खरें, पण पाप तेंच. मोशेच्या नियमशास्त्रांत तर गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी अशी आज्ञा आहे (अनुवाद २४:१४-१५). तेथें ज्वारी विकेपर्यंत थांबण्याची सवलत आम्हांस आढळली नाहीं.

कोणी विचारील, "मग ख्रिस्ती प्रीति कोठें राहिली?" याचें उत्तर पौलाच्या चरित्रांत आहे. करिंथांत तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहून तंबू करण्याचा धंदा करीत असे. सुवार्तेच्या सेवकाला मंडळीकडून निर्वाह घेण्याचा अधिकार आहे, हें त्यानेंच विस्तारानें सांगितलें (१ करिंथ ९). आणि मग तो अधिकार त्यानें स्वतः सोडला. सोडणारा तो होता. करिंथकरांनीं तो त्याच्याकडून हिरावून घेतला असता, तर त्याला त्याग म्हणतां आलें नसतें. देणाऱ्यानें आपण होऊन सोडलें तर तें दान. घेणाऱ्यानें दाबून घेतलें तर ती लूट, मग ती भजनमंदिराच्या पायरीवर कां होईना. दुर्कसेचें दान गोड होतें, कारण तें दुर्कसेनें दिलें होतें.

दुसरें असें कीं, हें काम हलकें आहे ही समजूत आपण टाकून द्यावी. अहरोनाचीं पवित्र वस्त्रें शिवण्यासाठीं देवानें कांहीं कारागिरांना ज्ञानाच्या आत्म्यानें भरलें असें निर्गमांत लिहिलें आहे (२८:३). बेतणें हें शिवण्याहूनही कठीण. यंत्र पायानें कोणीही फिरवील. पण कापडाचा पन्हा पाहून, उभा धागा ओळखून, मुंढा किती खोल घ्यावा, चुणी कोठें द्यावी, काठ बाहीला शोभेल कीं पाठीला, हें आधीं मनांत दिसावें लागतें. एकदां कात्री चालली कीं कापड परत सांधत नाहीं. तेव्हां ती बाई शिलाई मागते ती केवळ टांक्यांची नव्हे. देवानें दिलेल्या त्या दृष्टीचीही ती मागते.

आमच्या देशांत हा उद्योग अनेक निराधार स्त्रियांचा आधार झाला आहे. अमेरिकेंत एलायस हौ यानें १८४६ सालीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें, आयझॅक सिंगर यानें १८५१ सालीं आपल्या यंत्राचें घेतलें, आणि १८५६ पासून सिंगरची कंपनी हप्त्यानें यंत्रें विकूं लागली. म्हणजे यंत्र आणि हप्ता यांची जोडी जुनीच आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदा सदन काढलें, आणि पुढें केडगांवच्या मुक्ति मिशनांत विधवांना व अनाथ मुलींना अक्षरांबरोबर शिवण, विणकाम असे हातचे उद्योगही शिकविले. भाकर मागून खाण्यापेक्षां मिळवून खावी, हा त्यांतील हेतु होता. अलीकडे २०२३ सालीं केंद्र सरकारनें विश्वकर्मा योजना सुरू केली. तींतील १८ हस्तव्यवसायांत शिंपीकाम आहे, आणि प्रशिक्षण, अवजारांसाठीं मदत व कमी व्याजाचें कर्ज यांची तरतूद आहे. उपदेशकांनीं अशा योजनेची माहिती तालुक्याच्या ठिकाणीं नीट विचारून गरजू भगिनींना सांगावी. ती माहिती सांगणें हीही पाळकाची सेवाच होय.

आतां दोन शब्द शिवणाऱ्या भगिनींना. मंडळीनें तुम्हांस न्याय द्यावा असें आम्ही म्हणतों, तसेंच तुम्हींही तो द्यावा. ज्याच्या पिशवींत मोठें व लहान अशीं दोन वजनें असतात, त्याचा देवाला वीट आहे (अनुवाद २५:१३-१६). तुमचें वजन म्हणजे तुमची फीत. अडीच मीटर लागणार असतां तीन मीटर आणावयास सांगूं नका. बेतून उरलेला तुकडा गिऱ्हाइकाचा. तो घडी करून कपड्याबरोबर परत द्या. त्यानें खुशीनें ठेवण्यास सांगितलें, तरच ठेवा. सुती कापड पाण्यांत आटतें, म्हणून तें आधीं भिजवून वाळवून मग बेता. नाहीं तर पहिल्या धुण्यांतच तुमची अब्रू आखूड होईल. शनिवारचा वायदा केला तर शनिवारीं द्या. जमणार नसेल तर कापड घेतांनाच सांगा. 'उद्यां या' हा शिंप्याचा जुना रोग आहे, आणि तो बाप्तिस्म्यानें आपोआप जात नाहीं.

शिलाईचे दर एका पाटीवर लिहून सर्वांना दिसतील असे लावा. पाळकाच्या घरचें कापड असो वा पाटलाच्या, दर एकच. अर्धे पैसे कापड घेतांना मागा. त्यांत उद्धटपणा नाहीं. घरखर्चाचे पैसे व धंद्याचे पैसे दोन डब्यांत ठेवा, आणि हप्त्याची रक्कम पहिल्यानें बाजूला काढा. वहींत माप लिहा, तसा हिशेबही लिहा.

बाजारांत तयार कपडा स्वस्त मिळतो, मग आपल्याकडे कोण येणार, अशी भीति कित्येकींना वाटते. त्या कपड्याची शिवण उसवून पाहा. आंत बहुधा माया फारच थोडी सोडलेली असते. मूल वाढलें कीं कपडा वाया. तुम्ही मात्र दोन्ही बाजूंस इंचभर माया ठेवा, म्हणजे पुढील वर्षीं तोच झगा सैल करून देतां येईल. आमच्या भाषेनें शिवणींतल्या या जादा कापडाला 'माया' म्हणावें, हें किती योग्य आहे! बाहेरून ती दिसत नाहीं, पण अंग वाढतें तेव्हां तीच कामास येते. अशी माया कपड्यांत ठेवणारीकडे गिऱ्हाईक परत येतें.

आणि दुर्कसेचें काय? तिला विसरूं नका. धंदा नीट चालला कीं वर्षाकाठीं कांहीं कपडे आपल्या खुशीनें, कोणी न मागतां शिवा. गांवांत एखाद्या गरिबाच्या घरीं बाळ जन्मलें तर झबलें न्या. मग तें कोणत्याही वाड्यांतील कां असेना. असें दान देण्याचें सामर्थ्य तुमच्यांत यावें, म्हणूनच आम्ही मंडळीला म्हणतों कीं तुमची शिलाई बुडवूं नये. जिची मजुरी बुडविली तिच्यापाशीं द्यावयास काय उरणार?

शेवटीं मंडळीच्या वडिलांना व उपदेशकांना विनंति आहे. या नाताळाला देवदूतांचे झगे शिवावयाचे असतील तर आधीं शिलाई विचारा आणि मंडळीच्या फंडांतून द्या. ती भगिनी घेत नाहीं म्हणाली, तर तिचें दान म्हणून तें वहींत नांवानिशीं लिहा. मागील वर्षाची उधारी ज्यांच्याकडे असेल त्यांनीं ती प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वीं फेडावी. भावाचें कांहीं देणें असतां मेजाशीं येणें बरें नव्हे.

आपल्या प्रभूच्या अंगावर एक झगा होता. तो वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला, बिनशिवणीचा होता असें योहान लिहितो. तो कोणाच्या तरी हातांनीं, पुष्कळ दिवसांच्या श्रमानें झाला असला पाहिजे. तो झगा फुकट मिळविणारे लोक वधस्तंभाखालीं चिठ्या टाकीत बसले होते. बंधूंनो, दुसऱ्याच्या हातचें वस्त्र फुकट मिळविणाऱ्यांच्या त्या पंक्तींत आपण बसूं नये. दाम मोजून वस्त्र अंगावर घालावें, आणि मग स्वच्छ मनानें भजनाला यावें.

ज्या देवानें आदाम व हव्वा यांना आपल्या हातानें वस्त्रें करून घातलीं, तो आमच्या भगिनींच्या हातांना यश देवो, आणि आम्हां सर्वांना न्यायाचें वस्त्र नेसवो. आमेन.