रंगाखालचा जोड



गेल्या महिन्यात मिस्सानंतर भोसरीत वेल्डिंगचे दुकान चालवणाऱ्या आपल्या एका बांधवाने आम्हांला दारातच गाठले. "फादर, तडा बुजवणं हे पाप कधी होतं?" आम्हांला वाटले, घरचे काही असेल. निघाले फ्लाय प्रेसचे! (हे पापनिवेदनातले नव्हे, त्याच्या परवानगीने लिहीत आहोत.)

पत्र्याला भोके पाडायला हाताने फिरवायचे हे जुने प्रेस आपल्या पट्ट्यातल्या लहान शेडमधून अजून चालतात. एकाच्या प्रेसची बिडाची मान तडकली होती. बीड म्हणजे आपल्या तव्याचे लोखंड. त्यात कार्बन जास्त, म्हणून ते पोलादासारखे आधी वाकत नाही, एकदम तुटते. सांधायलाही हट्टी. तड्याच्या टोकांना भोक पाडायचे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. भाग तापवायचा, निकेलच्या रॉडने इंच-इंच जोड भरायचा, हलकेच ठोकायचा आणि राखेत पुरून सावकाश निवू द्यायचा. घाई केली की जोडाशेजारचे बीड काचेसारखे कडक होते आणि पुन्हा तडकते. त्याने सारे मनापासून केले. तरी मूळच्या मानेइतका भरवसा देणार नाही, असे तोच म्हणतो.

मग मालकाने पुट्टी भरून, घासून हिरवा रंग मारून मागितला. प्रेस चाकणला विकायचा होता. याने मारून दिला.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच प्रश्न घेतला आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते घेणाऱ्याला दिसतेच. किंमत कमी केली की पुरे, विकणाऱ्याने बोलून दाखवलेच पाहिजे असे नाही. पण दोष लपलेला आणि धोक्याचा असेल, मोडकळीला आलेले घर मजबूत म्हणून विकले जात असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. सेमिनरीत हे शिकताना आम्हांला घोडाच लक्षात राहिला होता.

"पण विकणारा तो, फादर. मी नाही म्हटलं तर शेजारचा मारील." यात तथ्य नाही असे नाही. दुकानाचे भाडे, मुलांची फी आम्ही भरत नाही. शिवाय रंग गंजासाठीही लागतो, आणि मोडलेले सांधणे हे तर भले काम. पण ही पुट्टी घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठीच होती. आणि ज्याचा हात त्या मानेखाली जाणार, तो कामगार सौद्यात नव्हताच. किंमत कमी करून त्याला काय मिळते?

आता तो बिडाच्या प्रत्येक जोडाशेजारी पंचाने तारीख ठोकतो. दोन गिऱ्हाइके तुटली. तो प्रेस कोणत्या शेडमध्ये गेला, हे मालक सांगत नाही. गेले दोन रविवार हा चाकणला शोधत फिरतो आहे. येत्या मंगळवारी आम्हीही सोबत जाऊ. तिकडे कामाला असणाऱ्या कोणाला नुकताच आणलेला, ताज्या हिरव्या रंगाचा जुना फ्लाय प्रेस दिसल्यास, कृपया त्यावर काम थांबवायला सांगावे आणि पॅरिश ऑफिसात कळवावे.